अंगोऱ्याचें मांजर

मांजर हा प्राणी आपल्या घरांत इतका रुळला आहे कीं, त्याच्याविषयीं मुद्दाम कांहीं जाणून घ्यावें असें सहसा कोणास वाटत नाहीं. गाईबैलांची गोष्ट निराळी. शिंगांची ठेवण, वशिंड, गळ्याची पोळी आणि रंग पाहून जनावर कोणत्या मुलुखांतलें, हें आपल्या परभणीकडचा शेतकरी बाजारांत दुरूनच सांगतो. मांजराच्या बाबतींत मात्र बोका आहे कीं भाटी, एवढीच चौकशी होते. फार तर रंग पाहिला जातो. त्यामुळें मांजरांतही जाती आहेत, त्या जातींस इतिहास आहे, आणि माणसाच्या हयगयीनें त्यांतली एखादी जात नाहींशी होण्याच्या बेतास येऊं शकते, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. आज अशाच एका जातीची हकीकत मी सांगणार आहें. तिचें नांव अंगोरा. ती मूळची तुर्कस्तानांतली. इतक्या दूरच्या मांजराशीं आपला काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर हकीकतीच्या ओघांत येईलच.

प्रथम मांजराच्या मूळ कुळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जगांतलीं सारीं पाळीव मांजरें पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या प्रदेशांत आढळणाऱ्या एका रानमांजराचीं वंशज आहेत, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीवरून दिसून आलें. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत माणसाशेजारीं पुरलेलें मांजर सांपडलें. तो शोध २००४ सालीं जाहीर झाला. माणूस शेती करूं लागला, त्यानें धान्यांचे साठे केले, साठ्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आलें, असा हा सरळ क्रम आहे. मांजराला कोणीं दावें लावून घरीं आणलें नाहीं. तें आपण होऊन आलें आणि राहिलें.

या एका गोष्टीचा परिणाम फार मोठा झाला. बैल ओढीसाठीं, घोडा स्वारीसाठीं, कुत्रा राखणीसाठीं व शिकारीसाठीं, अशी निरनिराळ्या कामांकरितां निवड करून माणसानें त्या प्राण्यांची पैदास केली आणि त्यांच्या पुष्कळ जाती निर्माण झाल्या. मांजराकडे काम एकच होतें, आणि तें त्याला कोणीं शिकवावें लागत नव्हतें. म्हणून हजारों वर्षें मांजरांच्या जोडीचा विचार कोणीं केला नाहीं. आज ज्या कांहीं डझन जाती मोजल्या जातात, त्यांतील बहुतेक गेल्या दीडशें वर्षांत हौशी लोकांनीं मुद्दाम तयार केलेल्या आहेत. अंगोऱ्याची थोरवी येथें आहे. ही जात एखाद्या हौशी मनुष्याच्या खटपटींतून निघालेली नसून एका प्रदेशांत, तेथील लोकांच्या घरादारांत, आपल्या आपण घडलेली आहे.

तो प्रदेश म्हणजे तुर्कस्तानच्या मध्यभागचें पठार. तेथील अंकारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारें नऊशें मीटर उंचीवर आहे. तेथें हिवाळ्यांत बर्फ पडतें आणि उन्हाळा कोरडा असतो. १९२३ सालीं हें शहर तुर्की प्रजासत्ताकाची राजधानी झालें. युरोपीय लोक त्यास अंगोरा म्हणत. १९३० सालापासून परदेशांतही अंकारा हेंच नांव रूढ झालें. परंतु जुनें नांव प्राण्यांना चिकटलें तें चिकटलेंच. अंगोरा शेळी, अंगोरा ससा आणि अंगोरा मांजर, असे तीन प्राणी या एका शहराच्या नांवानें ओळखले जातात, आणि तिन्ही लांब व रेशमासारख्या केंसांचे आहेत. शेळीच्या केंसांपासून मोहेर नांवाचें तलम वस्त्र होतें. मांजराच्या केंसांचा व्यापारी उपयोग कांहींच नाहीं; तें केवळ आपल्या देखणेपणावर जगप्रसिद्ध झालें.

लांब केंसांच्या मांजरांची कीर्ति युरोपांत पसरली ती सतराव्या शतकांत. फ्रान्समधील विद्वान पेरेस्क यानें अशीं मांजरें त्या देशांत आणविलीं असें सांगतात. दुसरें नांव पिएत्रो देल्ला व्हाल्ले या रोमच्या प्रवाशाचें, आणि आपल्या दृष्टीनें तें अधिक महत्त्वाचें आहे. हा गृहस्थ तुर्कस्तान व इराण हे देश पाहून १६२३ सालीं सुरतेस उतरला. तेथून पुढें खंबायत, अहमदाबाद, चौल असा प्रवास करीत गोव्यास गेला. इराणांत असतां १६२० सालीं लिहिलेल्या पत्रांत त्यानें खोरासान प्रांतांतील करड्या रंगाच्या, लांब केंसांच्या मांजरांचें वर्णन केलें आहे. त्यांची शेंपटी केंसांनीं इतकी भरलेली असते कीं तिचा पिसाराच व्हावा, असा त्याचा आशय आहे. त्याच ठिकाणीं तो आणखी सांगतो कीं, पोर्तुगीज लोकांनीं अशीं मांजरें इराणांतून हिंदुस्थानांत नेलीं आहेत. इराणच्या आखाताच्या तोंडाशीं असलेलें होर्मुझ बंदर १६२२ सालापर्यंत पोर्तुगीजांच्या हातीं होतें, आणि तेथून गोव्याशीं त्यांची जहाजांची ये-जा सतत चाले. तेव्हां लांब केंसांच्या मांजराशीं आपल्या किनाऱ्याचा परिचय कालपरवांचा नसून चारशें वर्षांचा आहे.

इराणांतलें हें मांजर व अंगोऱ्याचें मांजर एकच नव्हे. परंतु युरोपांत दोन्ही पोहोंचलीं आणि दोहोंची गल्लत होण्यास तेथूनच आरंभ झाला. फ्रान्सचा निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यानें १७५६ सालीं आपल्या ग्रंथांत मांजराचें वर्णन देतांना अंगोऱ्याच्या मांजरास वेगळें स्थान दिलें. पुढें दीडशें वर्षांनीं तें स्थान त्याच्या हातून कसें गेलें, हें सांगण्यापूर्वीं त्याचें रूप व स्वभाव कसा, तें पाहूं.

अंगोरा मांजर अंगानें सडपातळ असतें. शरीर लांबट, हाडें नाजूक, पाय उंच आणि मागचे पाय पुढच्यांहून किंचित् अधिक उंच. वजन साधारणतः अडीच ते साडेचार किलो. म्हणजे आपल्या गांवांतल्या धडधाकट बोक्याहून तें कांहीं मोठें नसतें. डोकें लहान, वरून रुंद व हनुवटीकडे निमुळतें होत गेलेलें. कान मोठे, उभे, डोक्यावर उंच बसलेले, आणि बहुधा आंतून केंसांचे झुपके असलेले. डोळे बदामी आकाराचे व किंचित् तिरपे. केंस मध्यम लांबीचे असतात. अंगावर ते आखूड आणि अंगालगत बसलेले, पण गळ्याभोंवतीं, मागच्या मांड्यांवर व शेंपटीवर लांब. हिवाळ्यांत गळ्याभोंवतीं झालरीसारखी कंठी दिसते. उन्हाळ्यांत केंस गळून ती विरळ होते, आणि मग शेंपटीवांचून दुसरी खूण फारशी उरत नाहीं. या केंसांखालीं लोंकरीचा दाट थर जवळजवळ नसतो. त्यामुळें त्यांत गुंता कमी होतो आणि आठवड्यांतून एकदोन वेळां फणी फिरविली तरी पुरतें. पर्शियन मांजराचे केंस मात्र दाट व लोंकरीसारखे असल्यामुळें त्यास रोज विंचरावें लागतें.

हे लांब केंस येतात कसे? हवा थंड म्हणून केंस वाढले, असा लोकांचा समज असतो. थंड हवेंत असे केंस उपयोगी पडत असतील. पण ते येतात मातापित्यांकडून. केंसांची वाढ कोठें थांबावी हें ठरविणारा एक आनुवंशिक घटक, ज्यास हल्लीं जनुक म्हणतात, प्रत्येक मांजरास दोन प्रतींत मिळतो. एक आईकडून व एक बापाकडून. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच केंस लांब होतात. एकच असेल तर केंस आखूड राहतात, परंतु ती प्रत गुप्त धनाप्रमाणें पुढच्या पिढीस मिळूं शकते. म्हणूनच आखूड केंसांच्या दोन मांजरांच्या पोटीं कधीं कधीं झुपकेदार शेंपटीचें पिलूं जन्मास येतें. दोघांतही तो गुप्त अंश असेल तर सरासरीनें चार पिलांत एक. आपल्याकडे एखादें केंसाळ पिलूं झालें कीं तें अंगोरा किंवा पर्शियन असल्याचें छातीठोकपणें सांगणारे लोक भेटतात. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, लांब केंस हें जातीचें एक लक्षण आहे, जात नव्हे. जात म्हणजे अंगाची ठेवण, डोकें, डोळे, केंस व स्वभाव या साऱ्यांचा पिढ्यान् पिढ्या टिकलेला एकत्र वारसा.

अंगोरा म्हटला कीं शुभ्र पांढरा रंग डोळ्यांपुढें येतो. वास्तविक काळीं, करडीं, तांबूस व पट्ट्यापट्ट्यांचीं अंगोरा मांजरेंही असतात. पण तुर्कस्तानांत पांढऱ्यास मान अधिक, आणि त्यांतही एक डोळा निळा व दुसरा पिवळसर असेल तर विशेष कौतुक. या शुभ्रतेची एक किंमत मात्र मांजरास द्यावी लागते. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण फार आढळतें, ही गोष्ट डार्विननें आपल्या १८५९ सालच्या ग्रंथांत नमूद केली आहे. पुढील तपासण्यांत असें दिसलें कीं, पांढऱ्या मांजरांपैकीं दोन्ही डोळे निळे असलेल्यांत शेंकडा ६५ ते ८५, एक डोळा निळा असलेल्यांत शेंकडा ४० च्या सुमारास, आणि डोळे निळे नसलेल्यांत शेंकडा २० च्या आसपास मांजरें जन्मतः बहिरीं असतात. रंग देणाऱ्या पेशी कातडीप्रमाणेंच कानाच्या आंतल्या भागासही लागतात. पांढरेपणा आणणाऱ्या जनुकामुळें त्या तेथें पोहोंचत नाहींत व ऐकण्याचें इंद्रिय पिलूं कांहीं आठवड्यांचें असतांनाच निकामी होतें. पुष्कळ वेळां बहिरेपण एकाच कानाचें असतें, आणि तें बहुधा निळ्या डोळ्याच्या बाजूस.

असें मांजर हट्टी आहे, हांक मारली तरी येत नाहीं, म्हणून त्यास मारणें हा शुद्ध अन्याय होय. हाताची खूण, दिव्याची उघडझांप किंवा जमिनीवर हलकेंच आपटलेलें पाऊल, यांवर तें सहज शिकतें. तें रस्त्यावर सोडूं नये, कारण मागून येणारी गाडी त्यास ऐकूं येत नाहीं. आणि आपल्याकडच्या उन्हांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पांढऱ्या मांजराच्या कानांचीं टोकें व नाक यांवर उन्हाचा परिणाम होऊन तेथें कर्करोगासारखें दुखणें उद्भवूं शकतें. मे महिन्यांत जेथें पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथें असें मांजर भर दुपारीं घरांत सांवलींतच असलें पाहिजे.

आतां स्वभावाविषयीं. मांजर घराचें असतें, माणसाचें नसतें, अशी आपल्याकडे समजूत आहे. अंगोऱ्याच्या बाबतींत पाळणाऱ्यांचा अनुभव उलट आहे. तें घरांतल्या एका माणसाची निवड करतें आणि त्याच्या मागें मागें राहतें. तो लिहावयास बसला कीं कागदावर येऊन बसतें, तो स्वयंपाकघरांत गेला कीं तेथें हजर होतें. तें चपळ असतें, उंच जागेची त्यास आवड असते, आणि कपाटाचें दार किंवा पेटीचें झांकण कसें उघडतें हें पाहून पाहून तें उघडावयास शिकतें. मांडीवर तासन् तास पडून राहणें त्यास मानवत नाहीं. जवळ असावें, पण मोकळें असावें, अशी त्याची वृत्ति. ज्यांस निवांत, सुस्त मांजर पाहिजे असेल त्यांनीं अंगोऱ्याच्या वाटेस जाऊं नये. स्वभाव हा नुसत्या संवयीचा भाग आहे असेंही नाहीं. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनीं सुमारें पावणेसहा हजार मांजरांची माहिती गोळा करून २०१९ सालीं असें दाखविलें कीं, मांजरांच्या जातीजातींत स्वभावाचा भेद असतो आणि त्याचा बराचसा भाग वंशपरंपरेनें येतो. म्हणजे जात गेली कीं रूपाबरोबर स्वभावही जातो.

आणि ही जात जवळजवळ गेलीच होती. ती कशी, तें ऐकण्यासारखें आहे. १८७१ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथें हॅरिसन वीयर नांवाच्या चित्रकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें. तेव्हांपासून मांजरांना बक्षिसें मिळूं लागलीं आणि निवडून पैदास करण्याची हौस बोकाळली. वीयरनें १८८९ सालच्या आपल्या पुस्तकांत अंगोरा, पर्शियन व रशियन हीं लांब केंसांचीं मांजरें अजून निरनिराळीं वर्णिलीं आहेत. परंतु प्रदर्शनांत भाव होता दाट केंसांना, गोल डोक्याला व भरदार अंगाला. त्यामुळें अंगोऱ्याचा उपयोग पर्शियन मांजराचे केंस सुधारण्यापुरता होऊं लागला. दोहोंचा संकर सर्रास सुरू झाला. १९०३ सालीं फ्रान्सिस सिम्प्सन या बाईंनीं मांजरांवर मोठा ग्रंथ लिहिला, तोंपर्यंत भेद इतका पुसट झाला होता कीं, अंगोऱ्याचा वर्ग आपण निराळा धरीत नाहीं, असें त्यांनीं त्यांत सरळ लिहून टाकलें. चौदा वर्षांपूर्वीं जें नांव पुस्तकांत होतें, तें गळालें. कोणीं अंगोऱ्याशीं वैर केलें नव्हतें. एकाच लक्षणाचा लोभ धरून बाकीच्या लक्षणांकडे सर्वांनीं दुर्लक्ष केलें, एवढेंच.

पर्शियन मांजराचेंही यांत कल्याण झालें असें नाहीं. गोल डोक्याची व बसक्या नाकाची निवड पुढें इतकी ताणली गेली कीं, आजच्या अनेक पर्शियन मांजरांना श्वास घेण्यास त्रास होतो व त्यांचे डोळे सदा पाझरतात. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक तपासणींत तर असें आढळलें कीं, हल्लींचें पर्शियन मांजर रक्तानें पश्चिम युरोपांतल्या मांजरांना जवळचें आहे. नांव तेवढें इराणचें उरलें. अंगोरा मात्र त्याच तपासणींत आपल्या तुर्की भाईबंदांशेजारींच आढळला.

तो तसा आढळला याचें कारण त्याच्या माहेरीं त्याची जपणूक झाली. अंकारा येथें अतातुर्क यांनीं १९२५ सालीं स्थापन केलेल्या शेतीवाडीच्या आवारांत प्राणिसंग्रहालय उभें राहिलें व तें १९४० सालीं खुलें झालें. तेथें पांढऱ्या अंगोरा मांजरांची निगा राखून पैदास करण्यांत आली आणि त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवली गेली. १९६२ सालीं तुर्कस्तानांत असलेल्या एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीनें या संग्रहालयांतून एक जोडी मिळवून अमेरिकेस नेली. तेथें १९६८ सालीं पांढऱ्या अंगोऱ्याची नोंदणी सुरू झाली, १९७२ सालीं प्रदर्शनांतील पूर्ण मान मिळाला, आणि १९७८ सालीं इतर रंगांनाही तो खुला झाला. पाश्चात्यांच्या वहींतून पुसलें गेलेलें नांव येणेंप्रमाणें पाऊणशें वर्षांनीं परत लिहिलें गेलें. आजही ही जात दुर्मिळच आहे. ज्या जातीचीं जनावरें थोडीं, तिच्यांत जवळच्या नात्यांत जोड्या लागण्याचा धोका असतो; त्यासाठीं तुर्कस्तानांतून नवें रक्त मिळत राहणें अगत्याचें आहे. जतनाचें काम एकदां करून संपत नाहीं.

श्रोतेहो, आपला काय संबंध, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. आपल्या परभणी व शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत लाल कंधारी नांवाची गाय आहे. कंधार हें नांदेड जिल्ह्यांतलें किल्ल्याचें गांव. त्यावरून तिला हें नांव पडलें, जसें अंगोऱ्यावरून त्या मांजरास. गडद तांबडा रंग, बेताचा बांधा, उन्हाचा ताप व निकृष्ट चारा सोसण्याची ताकद आणि शेतकामांत न थकणारे बैल, ही तिची ओळख. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादींत देशांतील नोंदलेल्या गोवंशांत तिचें नांव आहे. पण यादींत नांव असणें आणि गोठ्यांत गाय असणें या दोन गोष्टी आहेत. अधिक दुधाच्या आशेनें जर्सी व होल्स्टीन वळूंच्या बिजानें संकर झाले. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरजही घटली. दुधाची आशा चुकीची नाहीं. संसार चालविणाऱ्यास हिशेब पाहावाच लागतो. परंतु केवळ दूध हें एकच लक्षण धरून सर्वच गाईंचा संकर करीत गेलों, तर ज्या गुणांवर या गाईनें आपल्या पूर्वजांचे दुष्काळ काढले, ते गुण नकळत हातचे जातील. लंडनच्या हौशी मंडळींनीं केंसांपायीं अंगोरा गमावला, तो असाच नकळत.

लंडनवाल्यांचें एका अर्थीं बरें होतें. त्यांनीं गमावलेलें मांजर अंकाऱ्यास शिल्लक होतें. तेथून तें परत आणतां आलें. लाल कंधारीचें अंकारा म्हणजे आपणच. येथली संपली तर ती आणावयास जावें असें दुसरें ठिकाण पृथ्वीच्या पाठीवर नाहीं. म्हणून ज्यांच्या गोठ्यांत चार गाई आहेत, त्यांनीं निदान एक तरी शुद्ध कंधारी ठेवावी, तिला त्याच जातीचा वळू दाखवावा, आणि कोणत्या गाईचें वासरूं कोणतें, याची वहींत नोंद करावी. अंगोरा वांचला तो अशाच चोपड्यांतल्या नोंदींनीं.

आणि मांजराची हौस ज्यांस असेल त्यांस एकच विनंति. नांवाला भुलून केंसाळ पिलाचे पैसे मोजण्यापूर्वीं त्याचे आईबाप पाहा, तें ऐकतें कीं नाहीं याची परीक्षा करा, आणि आपल्या उन्हाळ्यांत त्यास सुखानें ठेवतां येईल काय, याचा विचार करा. तसें नसेल तर आपल्या गांवचें आखूड केंसांचें मांजर या हवेस उत्तम आहे. त्याच्याही कुळाचा इतिहास साडेनऊ हजार वर्षांचा आहे, हें मीं आरंभीं सांगितलेंच आहे.